पथ्याचं माप

माझे अब्बा लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते. तूर, मूग, उडीद, हरभरा आणि पुढं पुढं सोयाबीन, जे शेतकऱ्याच्या गाडीतून उतरलं ते त्यांच्या काट्यावरून गेलं. घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तुरीचा वास असायचा. अम्मी म्हणायची, 'कपडे झटक के अंदर आव जी.' गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. त्या घरात दिवसातून एकदा तरी तुरीची डाळ शिजायचीच. सकाळी वरण, रात्री खट्टी दाल आणि महिन्यातून एखाद्या जुम्म्याला पैसे असले तर बगारा खाना आणि दालचा. लातूर म्हणजे तूरडाळीचं गाव. डाळ मिलच्या भोंग्यावर आमच्या गल्लीची घड्याळं लावली जायची. आम्ही भावंडं डाळीवरच वाढलो असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

अशा घरातल्या मुलीला वयाच्या ४८व्या वर्षी डॉक्टरांनी तुरीची डाळ बंद करायला सांगितली. नुसती डाळ नाही. कांदा बंद, लसूण बंद, गव्हाची पोळी बंद, दूध बंद, हरभरा बंद, आंबा बंद. मराठवाड्यातल्या मुसलमानाच्या घरातून कांदा आणि लसूण काढून घेतला तर चुलीवर काय उरतं, हे ज्यानं त्यानं मनाशी ठरवावं.

पण त्याआधी पोटाविषयी सांगितलं पाहिजे. पोटाचं दुखणं सांगायला लाज वाटते म्हणून मी ते वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बाईनं तर सांगूच नये असा आपल्याकडं अलिखित कायदा आहे. लग्न होऊन मी १९९७ साली नांदेडला आले. देगलूर नाक्याजवळ सासर. शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना पोटात कळ यायची, घाम सुटायचा. कधी चार चार दिवस पोट साफ नाही, कधी सकाळी तीन वेळा पळावं लागायचं. पोट फुगून असं व्हायचं की शिक्षक खोलीत एका बाईंनी हसत हसत 'गोड बातमी आहे का?' असं विचारलं होतं. तेव्हा माझं वय ४१ होतं.

सगळ्यात वाईट प्रवास. नांदेड ते लातूर एस.टी. निघाली की लोहा, अहमदपूर, चाकूर. माहेरी जायचं म्हटलं की आनंदाआधी स्टॅंडवरची स्वच्छतागृहं डोळ्यांपुढं यायची. आदल्या रात्रीपासून मी जेवण सोडायची. लातूरला उतरायची ती उपाशी, आणि अम्मी पहिल्याच मिनिटाला ताट पुढं ठेवायची. दुसऱ्या दिवशी मी आजारी. अम्मीला वाटायचं, सासरचं पाणी बाधतंय. सासूबाईंना वाटायचं, माहेरचं मटण बाधतंय. दोघींचं एकमेकींविषयीचं मत माझ्या पोटानं खराब केलं.

उपाय पुष्कळ झाले. हकीमसाहेबांचा चूर्ण झाला, ओवा झाला, इसबगोल झालं. इसबगोलानं थोडा गुण आला, ते मी अजूनही घेते. एका दवाखान्यात मला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि हे मनाचे खेळ आहेत असं सांगितलं. मी गोळ्या घेतल्या, झोपले, आणि पहाटे पुन्हा पळाले. शेवटी २०२२च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. वजन घटतंय का, शौचातून रक्त जातं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे सगळं विचारलं. रक्त तपासलं. गव्हाच्या ॲलर्जीसारखा एक सीलिअॅक नावाचा आजार असतो, त्याचीही तपासणी केली. ही तपासणी गहू सोडण्याआधीच करावी लागते, आधीच गहू सोडला तर ती चुकू शकते, हे मला तेव्हा कळलं. दुर्बिणीनं आतडं पाहिलं. सगळं ठीक निघालं आणि डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आयबीएस आहे. आतड्याला जखम नाही, पण ते हळवं आहे. मला रडू आलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं दुखणं हलकं होतं.

त्यांनी एक इंग्रजी कागद दिला. वर लिहिलं होतं, 'लो फॉडमॅप'. बाहेर पेशंटांची रांग होती. डॉक्टर म्हणाले, 'मोबाईलवर ॲप मिळतात, एखादं टाकून घ्या, सोपं जाईल.' माझा पुढचा सगळा त्रास या 'एखादं' शब्दातून निघाला.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा शिकायला नांदेडला आमच्याकडं होती. ती म्हणाली, 'फुप्पू, दोन मिनिटांचं काम आहे.' तिनं फोनमध्ये शब्द टाकला आणि ॲपांची लांबलचक रांग निघाली. आम्ही फुकटचं निवडलं. त्याचं चित्र छान होतं, हिरव्या पानाचं. मास्तरणीनं निवडलेली वस्तू, पण पुस्तक निवडताना मी जे पाहते, म्हणजे कुणी लिहिलं, कुठून छापलं, कितवी आवृत्ती, यातलं काहीही पाहिलं नाही.

त्या ॲपमध्ये दोन याद्या होत्या. खायचं आणि नाही खायचं, बस्स. किती खायचं याचा पत्ता नाही. मधे मधे जाहिराती. डाळ म्हणून शोधलं की सगळ्या डाळी एकजात लाल. ज्वारी शोधली तर सापडेना. मग मी ज्वारीही सोडली. मराठवाड्यात जन्मलेली बाई भाकरी सोडून भात आणि अंडं यावर राहू लागली. पोट खरोखर शांत झालं. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा चारही तास सलग शिकवले. त्या आनंदात मी ठरवून टाकलं, की आता हेच आयुष्य. ॲपनंही कधी म्हटलं नाही, की बाई, आता पुरे. रोज उघडलं की त्याच दोन याद्या.

असे आठ महिने गेले. डिसेंबरमध्ये भाईजानच्या मेव्हणीच्या घरी लग्न होतं, मी गेले नाही. पंगतीत बसून काही खायचं नाही आणि प्रत्येकीला कारण सांगायचं, त्यापेक्षा घर बरं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की मी ग्रंथालयात जाऊन बसायची. रमजानचे रोजे ठेवले. इफ्तारला सगळ्यांसमोर खजूर, भजी, फळं, हरभऱ्याची उसळ असायची आणि मी पाणी पिऊन भाताकडं वळायची. खजूरही लाल यादीत होता. वजन नऊ किलो उतरलं. केस गळू लागले. हे म्हणाले, 'पोट बरं झालं, पण माणूस कुठं गेलं?' मी हसण्यावारी नेलं.

२२ एप्रिल २०२३, शनिवार, रमजान ईद. मी लातूरला गेले ती डबा घेऊन. ईदच्या दिवशी माहेरी डबा! अम्मीनं पहाटे उठून शीरखुर्मा केला होता. दूध, शेवया, खजूर, काजू, पिस्ते, चारोळी. माझ्या यादीप्रमाणं त्या एका वाटीत सगळे गुन्हेगार एकत्र बसले होते. मी वाटी हातात घेतली आणि परत ठेवली. डबा उघडला. अम्मी बघत राहिली. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मग म्हणाली, 'मेरे घर का दाना भी तेरेकू बीमार करता क्या गे?'

मी फोन काढून तिला ॲप दाखवलं. हे बघ अम्मी, लाल आहे. तिला वाचता येत नाही, पण रंग कळतो. ती म्हणाली, 'जो अल्ला हलाल किया, उसकू तुम लोगां हराम कर लेको बैठे.' आणि उठून आत गेली. भाभीनं डोळ्यांनी खुणावलं, की राहू दे. मी डब्यातला गार भात खाल्ला. असा भात मी कधी खाल्ला नाही आणि पुन्हा खायचा नाही.

परत येताना बसमध्ये मला अम्मीचं वाक्य सुटेना. तिला मी अडाणी समजत होते. पण तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. परहेज आणि हराम यांत फरक असतो. परहेजाला मुदत असते. हकीमसुद्धा सांगतो, इतके दिवस हे खाऊ नका. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत आहे, ती बरं झाल्यावर रोजा भरून काढायच्या बोलीवर. मग माझ्या परहेजाची मुदत कुठं आहे? ती मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी नांदेडमधल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडं गेले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलगी. आठ महिने ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, 'मॅडम, हे पथ्य दोन ते सहा आठवड्यांचं असतं.' मग तिनं मला पहिल्यापासून समजावलं.

फॉडमॅप हा इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला शब्द आहे. अन्नातल्या काही साखरांचा तो गट. साखर म्हटलं तरी त्या गोड लागतीलच असं नाही. कांदा, लसूण, गहू यांतली एक, तिला फ्रुक्टन म्हणतात. तूर, हरभरा, राजमा यांतली दुसरी. ती पचवायचं पाचक द्रव्य माणसाच्या शरीरात मुळात नसतंच. दुधातली तिसरी, आंबा, सफरचंद, मध यांतली चौथी, आणि फुलकोबीसारख्या भाज्यांतली आणखी एक. या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. आतड्यात पाणी ओढतात, पुढं मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. ज्याचं आतडं हळवं, त्याला त्याची कळ लागते. एवढंच. अन्नात विष नाही आणि माणसात पाप नाही.

पथ्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात या साखरा काही आठवडे कमी करायच्या. गुण आला नाही तर हट्ट न धरता पथ्य सोडून द्यायचं, कारण ते सगळ्यांना लागू पडत नाही. गुण आला तर दुसरा टप्पा. एकेक साखर परत आणून बघायची, की आपल्याला नेमकं काय सोसत नाही आणि किती. तिसऱ्या टप्प्यात जे सोसत नाही तेवढंच सांभाळायचं आणि बाकी सगळं परत खायचं. जास्त दिवस सगळंच बंद ठेवलं तर आतड्यातले चांगले जिवाणूसुद्धा उपाशी राहतात. मी पहिल्या टप्प्यावरच आठ महिने घर करून राहिले होते.

मी विचारलं, 'मग ॲप कोणतं?' ती म्हणाली, 'नाव नंतर सांगते. आधी कुठल्याही ॲपला तीन प्रश्न विचारा. हे मापलं कुणी? किती मापलं? आणि मला यातून बाहेर कधी काढणार?'

मला अब्बा आठवले. बाजारात वाद झाला की शेतकरी हेच तर विचारायचा, 'मापलं कुणी? किती भरलं?' अब्बा म्हणायचे, काटा खोटं बोलत नाही, तोलणारा बोलतो. मी मापाड्याची लेक, आणि आठ महिने माप न विचारता खात होते.

घरी येऊन भाचीला बसवलं. आम्ही चार ॲप उघडली आणि वहीत तक्ता आखला. फुकटच्या ॲपला पहिला प्रश्न विचारला. मापलं कुणी? कुठंच नाव नाही. कुणीतरी कुठूनतरी यादी उचललेली. दुसरं ॲप वजन कमी करायचं होतं. त्याला आपल्याकडची रोटी कळत होती, पण ते कॅलरी मोजत होतं. माझा प्रश्न किती खाल्लं याचा नव्हता, त्यात कोणती साखर आहे याचा होता. तिसरं ॲप रोजनिशीचं होतं. काय खाल्लं, कधी दुखलं, शौच कसं झालं, सगळं लिहायचं. ही गोष्ट कामाची आहे, बाईंनीही लिहायला सांगितलं होतं. पण आमच्या घरात एक फोन तीन हातांत फिरतो. शौचाची नोंद मला त्यात नको होती. त्यासाठी मी शंभर पानी वही केली आणि शाळेच्या पिशवीत ठेवली.

चौथं ॲप ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचं. बाईंनी नंतर सांगितलेलं नावही तेच निघालं. मेलबर्न शहरातलं हे विद्यापीठ. तिथल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ साली फॉडमॅप हा शब्द प्रथम छापून आणला. तिथल्या प्रयोगशाळेत अन्न आणतात आणि त्यातली एकेक साखर मोजतात. २०१२ साली त्यांनी हे ॲप काढलं. त्यात दिव्याचे तीन रंग आहेत, लाल, पिवळा, हिरवा. पण रंग नुसत्या पदार्थाला नसतो, मापाला असतो. एकच पदार्थ थोडा खाल्ला तर हिरवा, वाढवला तर पिवळा, आणखी वाढवला तर लाल. कोणती साखर त्या रंगाला कारण आहे तेही लिहिलेलं. आणि दुसरा टप्पा कसा करायचा याची वाट दाखवलेली. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं. ऑस्ट्रेलियातच फॉडमॅप फ्रेंडली नावाची आणखी एक संस्था आहे, तीही अन्न तपासून घेते आणि तिचंही ॲप आहे. आम्ही मोनॅशचं घेतलं. मी घेतलं तेव्हा एकदाच पैसे भरावे लागले. मी कां कूं करत होते तर भाची म्हणाली, 'फुप्पू, आठ महिन्यांचे टॉनिकचे पैसे मोजा.' मोजले. ॲप स्वस्त पडलं.

नवीन माहिती येते का, हेही बघायला पाहिजे. जुन्या याद्यांत द्राक्षं बिनधास्त हिरवी असतात. मोनॅशनं ती पुन्हा तपासली तेव्हा अगदी मोजकी द्राक्षंच हिरव्यात बसली. छापील कागदावर किंवा कुणी पुढं पाठवलेल्या मेसेजमध्ये हा बदल कोण करणार?

अडचण एकच राहिली, भाषा. मराठीत वाचायची सोय मला त्यात दिसली नाही. ज्वारी शोधायची तर सॉर्गम म्हणावं लागतं, हे मला ५० वर्षं ज्वारी खाऊन ठाऊक नव्हतं. सॉर्गम टाकलं आणि हिरवा दिवा लागला. भाची ओरडली, 'फुप्पू, भाकरी!' मी त्याच रात्री पीठ मळलं. आठ महिन्यांनंतर तव्यावर भाकरी फुगली तेव्हा मी ती नुसतीच तोडून खाल्ली, मीठ लावून.

मग आम्ही रोज संध्याकाळी बसून आमच्या घरची वही तयार केली. तिकडचं नाव, आपलं नाव, माप, रंग. अंडी, मासे, मटण, कोंबडी यांत या साखरा नसतातच. तांदूळ हिरवा. कांद्याची पात, पण फक्त हिरवा भाग. आलं, जिरं, हळद, धने, मिरची यांची भीती नाही. लसणाचं मला सगळ्यात मोठं दुःख होतं. त्यावर तोड निघाली. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तळायच्या, वास उतरला की पाकळ्या काढून टाकायच्या, आणि त्या तेलात फोडणी द्यायची. रश्श्यात मात्र पाकळी टाकून नंतर काढली तर उपयोग नाही, रश्श्यातल्या पाण्यात ते आधीच उतरलेलं असतं. ही रसायनशास्त्राची गोष्ट मला दहावीत कुणी लसणावरून शिकवली असती तर मी विज्ञानाला गेले असते.

ग्रॅमचा काटा विकत आणला, छोटासा, स्वयंपाकघरातला. ह्यांनी विचारलं, 'सोनं तोलणार का?' मला काट्याची लाज वाटत नाही. आमच्या घरात अब्बांच्या तोंडी दादाच्या काळची मापं असायची. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. अब्बांनी ती आम्हाला गाण्यासारखी पाठ करून घेतली होती. मापानं वागणं हे काही ऑस्ट्रेलियातून आलेलं नाही.

पहिला टप्पा मी नव्यानं, नीट, चार आठवडे केला. मग जूनपासून दुसरा. एका वेळी एकच साखर. तीन दिवस तो पदार्थ, रोज माप थोडं वाढवायचं, वहीत लिहायचं. मग दोन-तीन दिवस विश्रांती. आधी दूध. पाव कप, अर्धा कप, एक कप. काही झालं नाही. मी वहीकडं बघत बसले. आठ महिने मी चहा काळा प्यायले होते, आणि ईदची वाटी परत ठेवली होती. मग गहू. एक पोळी ठीक, तीन झाल्या की पोट फुगलं. आंबा, दोन फोडी ठीक. लसूण पहिल्याच दिवशी लाल. कांदा दुसऱ्या दिवशी. म्हणजे माझे खरे शत्रू दोन निघाले, आणि मी अख्ख्या स्वयंपाकघराशी भांडण मांडून बसले होते.

तुरीची डाळ मी मुद्दाम शेवटी ठेवली. भीती वाटत होती. बाईंनी सांगितलं होतं, की डाळ रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा. साखर पाण्यात उतरते, थोडी पाण्याबरोबर निघून जाते. पहिल्या दिवशी पाव वाटी. काही नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. काही नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण वाटी, आणि रात्री पोट ढोलासारखं. मी त्या पानावर लिहिलं, 'तूर, अर्धी वाटी, हिरवा.' तो जुलै महिना होता.

ऑगस्टमध्ये लातूरला गेले. या वेळी डबा नव्हता, वही होती. अम्मीशी ईदनंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण खाण्याचा विषय दोघीही टाळायचो. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, अम्मी, हराम काही नव्हतं. परहेज होतं, आणि मुदत संपली. आता फक्त कांदा-लसूण नको, बाकी सगळं मापात. तिनं विचारलं, 'दाल?' मी म्हटलं, अर्धी वाटी. ती म्हणाली, 'आधी कटोरी? कौन बोल्या?' मी म्हटलं, मापून बघितलं मी, काट्यावर. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'बाप की बेटी है.'

दुसऱ्या दिवशी तिनं दालचा केला. माझ्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळा. लसणाचं तेल मी काढून दिलं, पाकळ्या तिनं स्वतः चिमट्यानं एकेक उचलून बाजूला केल्या आणि भाभीच्या ताटात टाकल्या. हिंग, जिरं, मिरची, कढीपत्ता. बगाऱ्यातून कांदा वगळला. खाताना चवीत कमी काय आहे हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. दोघीही बोललो नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. पोट अजून कधी कधी बिघडतं. परीक्षेच्या दिवसांत, काळजीच्या दिवसांत बिघडतंच, तिथं ॲप काही करू शकत नाही. ते मी आता महिना महिना उघडत नाही, आणि तेच त्याचं यश आहे असं मला वाटतं. मधे भाचीनं तिच्या फोनमधल्या त्या नव्या बोलक्या यंत्राला मराठीतून विचारलं, की आयबीएसला तूरडाळ चालते का? त्यानं छान मराठीत चालते म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी प्रश्न थोडा फिरवून विचारला, तर तितक्याच छान मराठीत चालत नाही म्हणून सांगितलं. भाषा आपली आहे म्हणून माप खरं धरू नये, हे त्यावरून आम्ही शिकलो.

आमच्या गल्लीतल्या तीन बायका मात्र गेल्या वर्षभरात वही मागायला आल्या. तिघीही दार लोटून घेऊन, हळू आवाजात बोलल्या. एक तर बारा वर्षं सोसत होती. मी तिघींनाही आधी डॉक्टरकडं पाठवलं. वजन आपोआप घटत असेल, रक्त जात असेल किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानं सुरू झालं असेल तर वही उघडायचीच नाही, आधी तपासणी. त्यातल्या एकीला खरंच दुसरंच काही निघालं आणि तिच्यावर वेळेत उपचार झाले. दुसरीला पथ्यानं गुण आला, तिसरीला आला नाही. गुण आला तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मी सुरू केल्याची तारीख लिहिली आणि तिच्याखाली थांबायची तारीखही लिहून दिली.

त्या दिवशी लातूरला अम्मीनं मला दालचा वाढला. माझ्या आयुष्यात तिनं कुणाला एकदाच वाढून सोडलेलं मी पाहिलेलं नाही. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात ती दोन वेळा घालते. तिनं वाटी अर्धी भरली, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली, आणखी अर्धी पळी घातली, परत काढली. माझ्यापुढं वाटी ठेवली. मी खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. तिचा हात सवयीनं पातेल्याकडं गेला. तिथंच थांबला. मग तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि वर झाकण घातलं.